समजूत मुलीची नव्हे, आपली

आपली मुलगी प्राणिशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला संकरित बहुगुणित, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे दोनांहून अधिक संच असलेल्या, माशांच्या प्रथिनांवर संशोधन करायचे आहे, आणि ६४ टक्क्यांवर हा नाद सोडून तिने बी.एड. करावे म्हणून तिची समजूत कशी घालावी, असे आपण कोल्हापूरच्या राजारामपुरीहून विचारले आहे. मला त्या टक्क्यांपेक्षा ‘तिला न सांगता बी.एड. सीईटीचा अर्ज भरला आहे’ या वाक्याची काळजी वाटली. सज्ञान मुलीच्या नावाने तिच्या नकळत अर्ज भरणे याला मी अविश्वास म्हणतो, आणि दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आपण स्वतः तिला ते सांगावे. लग्नाचे वय निघून जाईल, हेही आपण दोनदा लिहिले आहे. समजूत घालण्याचे शब्द मी आपल्याला देणार नाही.

‘संकर म्हणजे आईबापांची सरासरी, त्यात शोधायचे काय?’ हा आपला समज मात्र पुष्कळांचा आहे आणि तो चुकीचा आहे. चीनमधील हुनान येथे तांबडा क्रुशियन कार्प हा मासा आणि आपले मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात तो मासा, या प्रत्येकी १०० गुणसूत्रांच्या जातींच्या संकरातून पुढच्या पिढ्यांत २०० गुणसूत्रांचा, प्रजननक्षम चतुर्गुणित, म्हणजे चार संचांचा, मासा मिळाला. द्विगुणित, म्हणजे नेहमीच्या दोन संचांच्या, माशाशी त्याचा संकर केला की १५० गुणसूत्रांची वांझ पिल्ले होतात. पण गुणसूत्रांचे संच वाढले म्हणून प्रत्येक प्रथिन त्याच पटीत वाढत नाही. काही प्रथिने एकाच पालकाच्या पातळीवर राहतात, काही दोघांहून अधिक किंवा उणी होतात. स्नायूंतील लॅक्टेट डीहायड्रोजिनेज या विकराचेच (एन्झाइमचेच) पाहा. त्याचा रेणू चार घटक जुळून बनतो. दोन्ही पालकांचे घटक वेगळे असले, तर संकरित माशात त्यांच्या सरमिसळीतून पाच प्रकार बनू शकतात, आणि त्यांतील तीन ना आईत असतात ना बापात. जेलीसारख्या थरात विद्युतप्रवाहाने वेगळे केलेले हे पाच पट्टे डोळ्यांनी पाहता येतात: दोन्ही घटक सारख्या प्रमाणात असतील तर मधला पट्टा सर्वांत ठळक दिसतो, आणि एकाचे प्रमाण दुप्पट असेल तर ठळकपणा त्याच्या बाजूला सरकतो.

आपण जोडलेल्या गुणपत्रिकेत प्राणिशास्त्र उत्तम आणि रसायनशास्त्र काठावर आहे. खरी अडचण ती आहे, कारण हे काम जीवरसायन आणि संख्याशास्त्र यांवर उभे असते. म्हणून एम.एस्सी. प्राणिशास्त्रातच करण्याचा तिचा हट्टही मला पटत नाही. तिने शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात स्वतः जाऊन पात्रतेचे नियम विचारावेत. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा, आणि पुढे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा, हे मार्ग आहेत. नंतर मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहेच. पीएच.डी. होईपर्यंत वय तिशीकडे झुकेल आणि तोवर शिष्यवृत्तीवर भागवावे लागेल, हे तिला स्पष्ट माहीत असावे.

पुढचे पत्र तिला लिहू द्या. रसायनशास्त्राचे कोणते भाग तिला जड जातात आणि प्रयोगशाळेत तिने स्वतःच्या हाताने काय केले आहे, एवढे तिने कळवावे.