रेवडीच्या कुस्तीपासून सुरुवात कर

परभणी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. जूनमध्ये व्यायामशाळेत नाव घालणाऱ्या तीस मुलांपैकी पोळ्यापर्यंत जेमतेम दहा उरतात, आणि जी उरतात त्यांचेही लक्ष पोलीस भरतीच्या जाहिरातीकडे असते, ही तुझी व्यथा माझ्या चांगल्या ओळखीची आहे. त्यावर उपाय म्हणून दिवाळीनंतर मोठी स्पर्धा भरवावी आणि सर्वांत जास्त वजन उचलणाऱ्याला पाच हजार रुपये व चषक द्यावा, असा तुझा बेत आहे. स्पर्धा जरूर भरव. मात्र दिवाळीनंतरची वेळ आणि एकाच विजेत्याचे इनाम, या दोन्ही गोष्टी तू बदलाव्यास असे मला मनापासून वाटते.

जत्रेतला कुस्त्यांचा फड आठव. तिथे सुरुवातीलाच मानाची कुस्ती कोणी लावत नाही. आधी मातीत उतरतात ती आठ-दहा वर्षांची पोरे, तीही रेवड्यांसाठी. मग नारळावरच्या कुस्त्या होतात, मग थोड्याबहुत रुपयांच्या, आणि दिवस कलताना मानाची कुस्ती लागते. हलगीच्या कडकडाटात जुनी जाणती माणसे पोरांचे दंड चाचपून, उंची-वजन पाहून जोड लावतात, आणि जोड विजोड झाली तर कडेला बसलेले गावकरीच आवाज चढवून ती थांबवतात. आपल्याच बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. तो ज्या मातीतला आहे, त्या मातीत लहान पोराला चार माणसांसमोर उतरवण्याची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लोखंडाच्या व्यायामात मात्र आपण रेवडीची पायरी ठेवलीच नाही. मुलगा तीन महिने कोपऱ्यात एकटा बार उचलतो, तो उचलतो ते वजन किती वाढले हे कोणी विचारत नाही, आणि स्पर्धा म्हटली की थेट मानाचीच. मग तो यायचा थांबतो, यात त्याची चूक नाही.

मी नोकरीत असताना भरवलेल्या पहिल्या स्पर्धेत नेमके तेच केले होते जे आज तू करू पाहतोस. कमी वजन दिसायला बरे दिसत नाही, या समजुतीने मी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार धरून ताठ उभे राहण्याचा प्रकार, शंभर किलोपासून सुरू केला. एका सतरा वर्षांच्या मुलाने सरावात नव्वदच्या वर कधी उचलले नव्हते. तो तीन वेळा वाकला, तीनही वेळा बार जमिनीवरून हलला नाही, बघ्यांनी हुर्यो उडवली आणि सदरा खांद्यावर टाकून तो फाटकातून निघून गेला, तो पुन्हा आला नाही. काही वर्षांनी मोंढ्यात तो मला दिसला. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन तो फळीवरून ट्रकमध्ये चढत होता. ताकद त्याच्या अंगात होतीच. ती वाढवत नेण्याची हौस मी एका दुपारी मारून टाकली होती. त्याने पोते टाकून मला नमस्कार केला आणि मला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.

म्हणून पहिल्या वर्षी फक्त डेडलिफ्ट ठेव. पॉवरलिफ्टिंगच्या रीतसर स्पर्धेत स्क्वॅट (खांद्यांवर बार घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून छातीवरचा बार वर ढकलणे) आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार असतात आणि तिन्हींतल्या सर्वोत्तम यशस्वी प्रयत्नांची बेरीज धरतात. पण स्क्वॅटला मजबूत रॅक आणि बेंचला सराईत मदतनीस लागतात, आणि ते तुझ्याकडे अजून नाहीत. डेडलिफ्टचा बार मुळातच जमिनीवर असतो. नाही उचलला तर तो तिथेच राहतो, मुलाच्या छातीवर पडत नाही. नियम मात्र मोठ्या स्पर्धेचेच लाव. प्रत्येकाला तीन प्रयत्न, एकदा सांगितलेले वजन पुढच्या प्रयत्नात कमी करता येणार नाही, आणि तीन पंचांपैकी दोघांनी मान्य केले तरच उचल खरी. गुडघे सरळ, खांदे मागे आणि शरीर स्थिर झाल्यावर मुख्य पंचाने ‘डाऊन’ म्हणेपर्यंत बार खाली आणायचा नाही, आणि आणतानाही दोन्ही हात त्यावर हवेत. बार मांडीवर टेकवून वर सरकवला तर उचल बाद. पंचांचा निकाल दाखवणाऱ्या दिव्यांचा खर्च करू नकोस, मान्य उचलीला पांढरी आणि बाद उचलीला लाल झेंडी पुरेशी आहे. हे नियम घरगुती स्पर्धेत कशाला, असे तुझ्यातलेच काही म्हणतील. परंतु नियम पाळून उचललेले साठ किलो मुलगा आयुष्यभर छातीठोकपणे सांगू शकतो, आणि अर्धवट उचललेल्या ऐंशीबद्दल त्याच्याच मनात शंका राहते.

पहिला प्रयत्न किती किलोचा, हे मुलावर सोपवू नकोस. जे वजन तो कोणत्याही दिवशी, झोप कमी झाली असली तरी, सलग तीनदा उचलू शकतो, तेच पहिले. दुसरे त्याच्या आजवरच्या सर्वोत्तमाच्या आसपास, आणि तिसरे त्याहून अडीच ते पाच किलो अधिक. वेटलिफ्टर मीराबाई चानूला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कच्या (बार आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) तीनही प्रयत्नांत अपयश आले आणि तिची बेरीजच लागली नाही. पुढे टोकियोत तिने स्नॅचमध्ये (बार एका दमात डोक्यावर) ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ११५ मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. तिच्या पाठीशी प्रशिक्षक होते, वर्षानुवर्षांची सवय होती. धारूरच्या वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराच्या पाठीशी त्या क्षणी फक्त तू असणार आहेस. त्याची पहिली झेंडी पांढरीच असली पाहिजे, आणि ती जबाबदारी त्याची नसून तुझी आहे.

आता गुणांविषयी, कारण सगळी गोम इथे आहे. निव्वळ किलो मोजले तर अंगाने मोठा मुलगा जिंकतो. स्वतःच्या वजनाच्या किती पट उचलले हे मोजले तर हलका जिंकतो, कारण शरीराचे वजन ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात ताकद वाढत नाही. मोठ्या स्पर्धांत यासाठी वजनगट आणि शरीराच्या वजनाप्रमाणे गुण काढण्याची सूत्रे असतात, पण तीस मुलांचे आठ गट पाडले तर प्रत्येक गटात तीन-चार मुले उरतील आणि स्पर्धेचा रंग जाईल. त्यापेक्षा जूनअखेर एक नोंदीचा दिवस ठेव, प्रत्येकाचे नीट ढंगात उचललेले वजन वहीत लिही, आणि स्पर्धेत त्यावर किती टक्के वाढ झाली ते मोज. साठचे ऐंशी करणाऱ्याची वाढ तेहतीस टक्के होते आणि दीडशेचे एकशेसाठ करणाऱ्याची सातच्याही आत. नवख्याचे शरीर, विशेषतः त्याची मज्जासंस्था, आधी असलेले स्नायू वापरायलाच शिकत असते, म्हणून त्याची वाढ झपाट्याने होते. तेव्हा यंदा आलेल्यांची आणि जुन्यांची मोजणी वेगळी ठेव, नाहीतर जुन्यांवर अन्याय होईल.

आणि जोड लाव. फडातली जोड एकमेकांविरुद्ध असते, तुझ्याकडे ती एकमेकांसोबत असू दे. जवळपास सारख्या वजनाची आणि सारख्या नोंदीची दोन मुले बारा आठवडे एकत्र सराव करतील आणि दोघांच्या वाढीची बेरीज हाच त्या जोडीचा निकाल असेल. मग एक जण दोन दिवस आला नाही तर दुसरा त्याच्या घरी जाऊन त्याला उठवून आणेल, हे काम तुझ्या शंभर फोनांनी होणार नाही. मुलींच्या जोड्याही त्याच दिवशी, त्याच बारवर, त्याच पंचांसमोर उतरव. भारतीय स्त्रीने मिळवलेले पहिले ऑलिंपिक पदक वजन उचलूनच आले आहे, २००० साली सिडनीत, कर्णम मल्लेश्वरीचे. हे त्यांच्या पालकांना आवर्जून सांग. ‘वजन उचलल्याने उंची खुंटते’ म्हणणाऱ्या पालकांनाही समजाव, की देखरेखीखाली, योग्य ढंगात केलेल्या सरावाने तसे होत नाही.

पाच हजारांचे इनाम काढून टाक. रक्कम आली की कोणीतरी मुलांच्या कानाशी लागते आणि सुईची भाषा सुरू होते. मेफेन्टरमाइनसारखे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी असते, ते व्यायामाआधी टोचून घेणारी मुले आपल्या भागातही आहेत आणि त्याने हृदयावर काय संकट येते हे मी नव्याने सांगायला नको. शेंगदाणे, गूळ, खारीक आणि प्रत्येकाला रेवड्यांचा पुडा, एवढे बक्षीस भरपूर आहे. तसेच मुलांच्या अंगाचे वजन सकाळी, आहे तसे, साध्या कपड्यांत घे. पाणी तोडून वजन उतरवणाऱ्याला बाजूला बसव. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलेले आपण पाहिले आहे. आपल्या मुलांनी हाताशी असलेले पाणी स्पर्धेसाठी नाकारावे, हे मला सहन होत नाही.

वेळेबद्दल. दिवाळीनंतर तुमच्या भागातली किती कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात, हे तुला मी सांगावे असे नाही. ज्यांना या स्पर्धेची सर्वांत जास्त गरज आहे तीच मुले तेव्हा कोयता घेऊन कारखान्याच्या फडात असतील. १७ सप्टेंबर ठेव. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते, ऊन सौम्य असते, सोयाबीन बहुतेक शेतांत उभेच असते आणि मुले गावात असतात. झेंडावंदन आटोपले की बार मांडायचा. चौदा-चौदाचे दोन गट केलेस तर चौऱ्याऐंशी प्रयत्न होतात, आणि बाराच्या आत सगळे संपते.

एक काम आजपासूनच सुरू कर. तुझ्या प्लेटांवर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस. ओळखीच्या आडत्याकडे काटा मिळाला तर बार, कॉलर (प्लेटा घसरू न देणारी कडी) आणि एकेक प्लेट तोलून घे आणि खरे वजन पांढऱ्या ऑइल पेंटने त्यावर लिही. वीसची म्हणून घेतलेली प्लेट अठराची निघाली तर जूनची नोंद आणि सप्टेंबरची उचल यांचा मेळ बसणार नाही. माझ्याकडे सव्वा किलोच्या चार प्लेटा पडून आहेत, अडीच-अडीच किलोंनी वजन वाढवायला त्या लागतील. जूनअखेरच्या नोंदीच्या दिवशी मी सकाळच्या एसटीने घेऊन येतो. तोवर जोड्यांची यादी करून ठेव, पण पक्की करू नकोस. मुलांना उभे पाहून आपण दोघे मिळून ती लावू.

तुझा,
सर