तुझ्यासाठी रकाना नाही

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवाच मिळालं. सैन्यात असताना गेलेल्या तुझ्या दादावर शाळेत पाच मिनिटं बोलायला बोलावलंय आणि एक ओळ सुचत नाही, म्हणतेस. सुचत नाही तेच बरं. ज्यांना सुचलं त्यांनी चौकात फ्लेक्स लावलाय. त्यात तुझ्या दादापेक्षा नेत्यांचे चेहरे मोठे आहेत. जाऊ दे, त्यावर लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही.

आमचा अण्णा, माझा भाऊ, तोफखान्यात होता. ट्रेनिंग इथंच, नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला. घरापासून सायकलच्या अंतरावर असूनही आठवडेच्या आठवडे दिसायचा नाही, याचं आईला फार हसू यायचं. १९७१ साली मी बारा वर्षांची होते. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली. १६ तारखेला ढाक्याची शरणागती रेडिओवर ऐकली आणि वडिलांनी आळीत पेढे वाटले. तार आली २० तारखेला. अण्णा १० तारखेलाच गेला होता, पश्चिम आघाडीवर, शकरगडच्या बाजूला. आईनं नंतर कधी पेढा तोंडात घातला नाही. वडिलांना कुणी दिला तर ते घ्यायचे आणि खिशात ठेवून द्यायचे. धुवायच्या सदऱ्यात सापडायचा मग.

तेव्हा पार्थिव घरी पाठवायची पद्धत नव्हती, आघाडीच्या मागेच अग्नी देत. घरी आणायला लागले ते १९९९ साली, कारगिलपासून. आमच्याकडे आली ती काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर. गुरुजींनी रामकुंडावर पळसाच्या पानांची प्रतिमा करून पालाशविधी केला. मला नेलं नाही. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं पंजाब मेल नाशिकरोडला यायच्या वेळेला माझं कशात लक्ष लागत नसे. तू दादाला ओझरच्या विमानतळापासून घरापर्यंत स्वतः आणलंस. तुझं दुःख त्यानं कमी झालं असं मी म्हणत नाही, पण निदान गाड्यांच्या वेळा तरी तू पाठ करणार नाहीस.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलायस: ‘आईबाबांसमोर मी रडू कशी?’ कार्यक्रमाच्या पत्रिकेत वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी असतात. ‘वीरभगिनी’ म्हणून मला आजवर कुणी नारळ दिलेला नाही. पेन्शनच्या कागदावरही आपण बहुधा कुठे नसतो. येणारा प्रत्येक माणूस आपल्याला एकच सांगतो, ‘आईला सांभाळ हो.’ मी सांभाळलं. इतकं सांभाळलं की अण्णाबद्दल घरात बोलायचंच राहून गेलं, आणि पस्तिशीला आल्यावर लक्षात आलं की मला त्याचा चेहरा आठवतोय तो फक्त भिंतीवरच्या फोटोतला. आवाज तर पार गेला होता. तुझ्या आईला सांभाळ, पण तिच्यासमोर रडही. ती वाट बघत असेल कुणीतरी सुरुवात करायची.

म्हणून सांगते, एक शंभर पानी वही घे. आजच. दादा कसा होता ते लिहू नकोस. ‘हसतमुख, जिद्दी’ हे पेपरवाल्यांनी लिहून झालंय. काय करायचा ते लिही. चहात बिस्किट बुडवून पडलं की कुणाला ओरडायचा, मोबाइलचा पासवर्ड काय ठेवायचा, तुझे किती पैसे बुडवले. वाईट आधी लिही, कारण तेच पहिल्यांदा पुसलं जातं. अण्णा संक्रांतीला माझ्या हातात आसारी, म्हणजे पतंगाचा दोरा गुंडाळायची फिरकी, द्यायचा, आणि पतंग कटला की आख्ख्या गच्चीसमोर म्हणायचा, ‘हिनंच ढील दिली नाही.’ दर वर्षी! त्या ट्रंकेत दाढीचा ब्रश, लोकरीचे मोजे आणि आमची पत्रं होती, पण मला तो सापडतो तो त्या आसारीत. ती अजून माळ्यावर आहे. दोरा सगळा कुजलाय.

दुसरं, त्याच्या सोबतच्या पोरांचे नंबर आत्ताच घे. युनिट हलतं, पोरं पांगतात, सिम कार्डं बदलतात. मला हे अपघातानं मिळालं. तोफखान्यातल्या जवानांचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पातच आहे. २००४ च्या सुमारास पेन्शनच्या कामाला आलेला हरियाणाचा एक म्हातारा हवालदार विचारत विचारत आमच्या दारात आला. अण्णाच्या तोफेवरचा. पंचवीस पाउंडर तोफ, तिच्यावर सहा माणसं. चहा घेतला, आईच्या फोटोला नमस्कार केला आणि म्हणाला, तुमचा भाऊ गोळे मोजायचा मराठीतून, आम्ही सगळे हिंदीतून. साहेब रागवायचे, हा ऐकायचा नाही. शेवटी आम्हीच मराठी शिकलो. आणि खुर्चीत बसून त्यानं मोजून दाखवलं, एक, दोन, तीन... ‘एकोणीस’ला अडखळला, ‘एकूणीस’ म्हणाला. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तेहतीस वर्षांनी अण्णाचा आवाज मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकू आला.

शाळेत जायचं की नाही ते तू ठरव. गेलीस तर वहीतली एक गोष्ट सांग आणि खाली बस. ‘शहीद’ म्हणायचं की ‘हुतात्मा’, यावरून तुमच्याकडे वाद झाला म्हणे. लष्कराच्या कागदावर ‘बॅटल कॅज्युअल्टी’ लिहितात. तू ‘दादा’ म्हण. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ साली झालं, तिथं त्यागचक्राच्या भिंतींवर एकेका विटेवर एकेक नाव कोरलंय. तिथं कधीतरी जा, पण घाई करू नकोस. मी गेले तेव्हा अण्णाचं नाव सापडायला अर्धा तास लागला, आणि सापडल्यावर पहिला विचार आला तो असा की हा इथंही उन्हातच उभा आहे.

भाऊबीज जवळ आली. आपल्यात भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. १९७२ साली आईनं ताट हातात दिलं तेव्हा मी ते आपटलं होतं. कुंकवाचा डाग फरशीवर बरेच दिवस होता. आता ओवाळते. ओवाळताना ढिलीवरून एकदा भांडूनही घेते. तुला त्या दिवशी घरात बसवणार नसेल तर माझ्याकडे ये. द्वितीयेची कोर पांडवलेण्याच्या अंगाला दिसते, पण समोर नवी बिल्डिंग झालीय, त्यामुळे साडेसहानंतर ती गच्चीवरून दिसत नाही. सहाला पोच. निरांजन, कुंकू माझ्याकडे आहे. तू वही आण.

तुझी,
बाई