कला संग्रहालयाच्या दालनात चित्रपट, वाचन आणि नाचगाण्याचे कार्यक्रम करायचे तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की वेगळं सभागृह नाही, चित्रांच्या दालनातच शंभरेक माणसांसाठी दर महिन्याला एखादा चित्रपट, वाचन किंवा नाचगाण्याचा कार्यक्रम करायचा आहे. मी म्हणेन, सुरुवात आवाजापासून करा. कार्यक्रमांची यादी नंतर.

दालन डोळ्यांसाठी बांधलेलं असतं. उंच छत, दगडी फरशी, सपाट भिंती. रिकाम्या दालनाच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा आणि तिचा घुमारा किती वेळ रेंगाळतो ते मोजा. दोन सेकंदांच्या पुढे गेला तर बासरी किंवा संथ गाणं तिथे सुरेख लागेल, पण कविता कळणार नाही, कारण एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर चढतं. बोलणं स्वच्छ कळायला घुमारा एका सेकंदाच्या आसपास हवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आवाज वाढवणं. आवाजाबरोबर घुमाराही वाढतो, मागच्या रांगेला गोंगाट तेवढा ऐकू येतो. त्यापेक्षा छोटे स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, दोन्ही बाजूंना, हळू आवाजात लावा. जाड पडदे भिंतीला न ठोकता उभ्या स्टँडवर टांगा, खाली गालिचा घाला. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. वाचणाऱ्याच्या मागे स्पीकर राहिला की माइक शिट्टी मारणारच.

वाचनासाठी वेळेचा हिशोब सोपा आहे: अडीचशे-तीनशे शब्दांचं एक पान मोठ्याने वाचायला साधारण दोन मिनिटं. पंधरा मिनिटं दिली असतील तर सात पानं, आणि ती आधी मागवून घ्या. दुसरी अडचण उजेडाची. कागदावरची चित्रं आणि कापड असलेल्या दालनात उजेड साधारण ५० लक्सवर (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. तेवढ्यात पुस्तक वाचताना डोळे ताणावे लागतात. वाचणाऱ्यापुढच्या टेबलावर आडोसा असलेला छोटा दिवा ठेवा, म्हणजे झोत पानावरच पडेल, मागच्या चित्रावर नाही.

चित्रपटाचं पहिलं काम म्हणजे लेखी परवानगी. विकत घेतलेली डिस्क किंवा घरचं ऑनलाइन सदस्यत्व यातून सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही. प्रवेश मोफत असला तरी बहुतेक ठिकाणी परवानगी लागतेच. हक्कधारकाला लिहिताना तारीख, खेळांची संख्या, खुर्च्या आणि तिकीट आहे की नाही, हे सगळं पहिल्याच पत्रात द्या. प्रत डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहांना दिली जाणारी डिजिटल प्रत असेल आणि कुलूपबंद असेल तर तिची डिजिटल किल्ली एका ठरावीक सर्व्हरसाठी, म्हणजे चित्रपट चालवणाऱ्या यंत्रासाठी, आणि ठरावीक वेळेपुरतीच बनवलेली असते. मुदत खेळाच्या दिवशीच सुरू होत असेल तर आदल्या दिवशीच्या चाचणीला फाइल उघडतच नाही. म्हणून किल्ली दोन दिवस आधीपासून चालेल अशी मागा, आणि परदेशातून येणार असेल तर तिच्यावरची वेळ कुठल्या देशाची आहे ते तपासा.

पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान १.४ मीटर वर हवी. सपाट जमिनीवर त्याहून खाली आली की सबटायटल पुढच्याच्या डोक्यामागे जातात आणि अर्धं दालन माना वाकड्या करून बसतं. खुर्च्यांची एकाआड एक रांग अर्धी खुर्ची बाजूला सरकवून मांडा. पहिली रांग पडद्याच्या उंचीच्या दीडपटीहून जवळ नको.

नाच आणि वाद्यांच्या कार्यक्रमाला मात्र होकार देण्याआधी वस्तूंची निगा राखणाऱ्या संवर्धकाला विचारा. दुसऱ्या महायुद्धात, १९३९ ते १९४६ या काळात, लंडनच्या नॅशनल गॅलरीत पियानोवादक मायरा हेस यांनी दुपारच्या मैफली चालवल्या, पण तेव्हा तिथली बहुतेक चित्रं सुरक्षित जागी हलवलेली होती. तुमची भिंतींवरच असणार. ढोलाचा किंवा मोठ्या स्पीकरचा ठोका काचेच्या फळीपर्यंत पोचतो आणि तिच्यावरची लहान मूर्ती दर ठोक्याला केसभर सरकते. समोर उभं राहून ते दिसत नाही. म्हणून तालमीआधी आणि तालमीनंतर एकाच जागेवरून फोटो काढा आणि ताडून पाहा. तालीमही पूर्ण आवाजात घ्या, हळू आवाजातल्या तालमीतून काहीच कळत नाही. धूरयंत्र, ज्योत, पाणी, माती यांना सरळ नकार द्या. ताजी फुलंसुद्धा नकोत, त्यांतून किडे येतात. कलाकार आणि चित्र यांच्यात दोन मीटर अंतर ठेवा आणि तिथे रक्षक उभा करा. नाचणाऱ्यांच्या गुडघ्यांचाही विचार करा: काँक्रीटवरच्या दगडी फरशीवर उड्या मारायला लावू नका, खाली लवचीक लाकडी तळ आणि वर नाचासाठीचं व्हिनाइलचं (प्लॅस्टिकसारखं) आच्छादन घाला. चिकटपट्टी फरशीच्या कोपऱ्यात आधी लावून, काढून बघा.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो, म्हणजे शंभर माणसांची १० किलोवॉट, वर श्वासाची आणि घामाची वाफ. आणि वातानुकूलन यंत्रणा नेमकी त्याच वेळी बंद होईल अशी लावलेली असते. कार्यक्रमाच्या दिवशी ती वेळ बदलून घ्या, भिजलेल्या छत्र्या-रेनकोट बाहेरच ठेवायची सोय करा. दुसऱ्या दिवशी दारं उघडण्यापूर्वी आर्द्रतेची रात्रभराची नोंद संवर्धकासोबत बसून बघा. आकडा कधी चढला आणि किती वेळाने उतरला, त्यावरून पुढच्या वेळी शंभर खुर्च्या मांडायच्या की सत्तर ते ठरवा.