घाट उतरताना ब्रेक मऊ का पडतो?

प्रश्न : आमच्या २०१७ च्या एर्टिगाचं रनिंग ७०,००० किलोमीटर झालंय. घरची सात माणसं घेऊन पाचगणीहून पसरणी घाट उतरलो, की वाई येईपर्यंत ब्रेकचं पॅडल मऊ पडतं, जळका वास येतो. थंड झाल्यावर सगळं ठीक. गॅरेजवाले पॅड बदला म्हणतात. दुकानात ‘कंपनीसारखी’ जोडी निम्म्या किमतीत मिळते. घ्यावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : पॅडच्या आधी ब्रेक ऑइल बघा. पॅड जास्त तापले तर पॅडल घट्टच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. पॅडल मऊ पडणं हे ऑइल उकळल्याचं लक्षण. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पाय खाली जातो. गार झाल्यावर वाफ विरते, म्हणूनच गॅरेजात दोष सापडत नाही. थंड गाडीतही पॅडल खाली जात असेल, तर गळती किंवा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) तपासा.

ऑइल दर २ वर्षांनी बदलावं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचा १ लिटरचा सीलबंद डबा आणा. उघडून ठेवलेला नको. वरून भर घालून भागत नाही. चारही चाकांच्या निपलमधून (ऑइल काढायच्या छोट्या स्क्रूमधून) काळपट ऑइल जाऊन स्वच्छ येईपर्यंत काढायला लावा. मधे टाकी रिकामी झाली, तर हवा शिरते. हे होईपर्यंत भरली गाडी घाटात नेऊ नका.

आता पॅड. ३ मिलिमीटर किंवा कमी उरले असतील तर पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला. निम्म्या किमतीची जोडी घेऊ नका. ब्रेकमध्ये ही बचत आम्हाला अजिबात पटत नाही. काउंटरवर चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या, खोक्यावरचा नंबर ताडा, पक्कं बिल मागा. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून सिलिकॉन ग्रीसच लावायला सांगा. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन अडकते आणि एक पॅड सतत घासत राहतो. तो जळका वास यामुळेही असू शकतो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

प्रश्न : ऊसतोडीच्या दिवसांत ईको रोज धुळीत फिरते. एअर फिल्टर धुतला तर चालेल? – एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. कागदी फिल्टर धुतला की कागद खराब होतो. आतून बाहेर, कमी दाबाने हवा मारा. उजेडासमोर धरून भोक दिसलं तर टाकून द्या. नवा घेताना कडेचं रबर फिल्टरच्या खोक्यात नीट बसतं का ते बघा. फटीतून गेलेली धूळ थेट इंजिनाचा सिलिंडर घासते.