टोकियोत ‘बसायला’ नाही म्हणताना

तू विचारलंस, “दादा, दारू सोडून चौदा महिने झाले. एप्रिलमध्ये टोकियोत जॉइन होतोय. तिथे प्यायल्याशिवाय ऑफिसात निभाव लागत नाही म्हणतात, खरं का?” दादा म्हणालास म्हणून अरेतुरेवर येतो. मी सोडली ती इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात.

ऑफिसच्या पिण्याच्या बैठकीला इथे नोमिकाई म्हणतात. तुझं स्वागत, कुणाचा निरोप, डिसेंबरात सरत्या वर्षाची बोनेनकाई. टेकल्या टेकल्या कुणीतरी “तोरिआएझु बीरु” म्हणतं, म्हणजे आधी सगळ्यांना बिअर. तिथे गप्प राहिलास की ग्लास समोर आलाच. लगेच सांग, “दोकुता सुतोप्पु”. डॉक्टरने बंद केलीय. हा शब्द इथे सगळ्यांना कळतो, पुढे कुणी खोदत नाही. माझे साहेब तर उलट स्वतःचं युरिक अ‍ॅसिड सांगत बसले.

मग ऊरोन-चा मागव, गार कोरा चहा. उच्चार नीट कर, कारण ऊरोन-हाय म्हणजे त्याच चहात शोचू, ही इथली दारू, आणि दिसायला दोन्ही सारखे. एकदा वेटरने माझ्यासमोर नेमका तोच ठेवला होता. तेव्हापासून ओठाला लावायच्या आधी वास घेतो. ग्लास रिकामा ठेवू नकोस, शेजारचा भरायला टपलेला असतो. दुसऱ्यांना मात्र तू ओत, त्यात मान आहे. पुढे मंडळी दुसऱ्या बारकडे, निजिकाईला निघतात, तिथून सटकायचं. 0.00 टक्केवाली बिअर मिळते, पण चव जुन्या वाटेवर नेते. मी हात लावत नाही.

खरं सांगू का, नोमिकाईत मी कधीच घसरलो नाही. घसरलो ते एका साध्या मंगळवारी. रिलीज फसलेलं, दिवसभर “मोशिवाके गोझाइमासेन”, म्हणजे माफ करा, म्हणून तोंड दुखलेलं, आणि रात्री साडेदहाला स्टेशन ते घर या तीनशे मीटरमध्ये दोन कोंबिनी. चोवीस तास उघडं दुकान, फ्रीजमध्ये लिंबाचं चित्र असलेला 500 मिलीचा डबा, 9 टक्के. हिशेब कर, आपले साडेतीन स्मॉल पेग झाले, अडीचशे येनच्या आसपास. कुणी ‘बसायचं का?’ विचारायलाही नको.

म्हणून घर बघताना भाड्याआधी स्टेशनपासूनचा रस्ता चालून बघ. मी दुसरं घर घेतलं ते मागच्या गल्लीतून जाता येतं म्हणून. ओव्हरटाइमला कायद्याने साधारण महिन्याला 45 तासांची मर्यादा आहे. तास खरे भर, लाजू नकोस. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात वर्षातून एकदा स्ट्रेस चेकची प्रश्नावली येते. निकाल तुझ्या संमतीशिवाय कंपनीकडे जात नाही, तेव्हा ‘सगळं छान’ ठोकून देऊ नकोस. टोकियोत एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस गटाच्या, इंग्रजी मीटिंगा होतात. पहिल्याच आठवड्यात जा, तल्लफ यायची वाट बघू नकोस.

आणि दारू सोडताना साथ देणारा तिकडचा तुझा जो कुणी सोबती असेल, त्याच्याशी आत्ताच ठरवून ठेव. आपल्यात साडेतीन तासांचा फरक. तू रात्री साडेदहाला स्टेशनबाहेर येशील तेव्हा पुण्यात सात वाजलेले असतात, माणूस जागा असतो. इथे गाडीत फोनवर बोलायची पद्धत नाही, त्यामुळे गेटमधून बाहेर पडलास की लाव आणि कुलूप उघडेपर्यंत बोलत राहा. मी अजूनही लावतो. परवा माझा सोबती भाजी निवडत होता, मी कोंबिनी कधी मागे टाकली कळलंच नाही.