पावसाळ्यातली गादी: ओल मोजायची कशी?

प्रश्न: माझी दोन हजार पक्ष्यांची ब्रॉयलरची शेड आहे, खाली तुसाची गादी (अंथरूण) आहे. आषाढ लागला की आत डोळे चुरचुरतात. गादी मुठीत दाबून बघते, कधी बरी वाटते, कधी चिकट. शेजाऱ्यांकडे भाताचा ओलावा मोजायचं मीटर आहे, ते चालेल का?
– एक वाचक, लांजा

उत्तर: ताई, ते मीटर भातालाच राहू द्या. ते दाण्यासाठी बेतलेलं असतं, तूस-विष्ठेच्या मिश्रणात आकडा भलताच येतो. कुडाळजवळच्या माझ्या शेडमध्ये मी एका पावसाळ्यात त्यावर विसंबलो. मीटर 18 टक्के दाखवत होतं आणि पक्षी उचलून पाहिले तर तळपायांना काळे चट्टे. ते पाय अजून डोळ्यांसमोर आहेत.

मूठ रोज दाबाच. गोळा तसाच राहिला तर गादी ओली, हात उघडताच भेगाळून सुटला तर ठीक, धूळच उडाली तर फार कोरडी. पण आपल्याकडे श्रावणात हातच दमट असतो. 25 टक्के आणि 33 टक्के यांतला फरक त्याला कळत नाही, आणि रक्ती हगवण, अमोनिया, पाय बिघडणं हे सगळं त्याच फरकात सुरू होतं. पक्ष्यांसाठी अमोनियाची मर्यादा 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) धरतात. तुमचे डोळे चुरचुरतात तेव्हा ती बहुधा ओलांडलेली असते.

म्हणून आठवड्यातून एकदा वजन करून मोजा. पाणी पिण्याच्या निपलच्या रांगेखालची, पडद्याकडेची आणि मधली गादी वेगवेगळी घ्या. वरवरची खरवडू नका, जमिनीपर्यंत हात घाला आणि लगेच पिशवीचं तोंड बांधा. झाकणाच्या स्टीलच्या डब्याचं रिकामं वजन लिहून ठेवा, त्यात 100 ग्रॅम गादी घाला. झाकण काढून 105 अंशांवर ओव्हनमध्ये सुकवा. ओव्हन जुना, पडवीत ठेवलेला असावा, स्वयंपाकाचा नको. तासातासाने वजन करा, दोनदा तेच आलं की झालं. निवताना झाकण घट्ट लावा, नाहीतर सुकलेला तूस पावसाळी हवेतून पुन्हा पाणी ओढतो. ही चूक आपल्या किनाऱ्यावर हमखास होते. 100 चे 68 ग्रॅम उरले तर ओलावा 32 टक्के.

20 ते 25 टक्के उत्तम. 30 च्या पुढे गेला की त्याच दिवशी खपल्या काढून बाहेर टाका, कोरडा तूस घाला. वास मारणाऱ्या गादीवर चुना फेकू नका, त्याने अमोनिया आणखी सुटतो. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा पूर्वेचा पडदा वरून फूटभर उघडा ठेवा. सगळे पडदे आवळले तर ओल आतच कोंडते.

काल माझ्याकडे मधल्या गादीत 24 आला, निपलखाली 34. रांगेतले दोन निपल थेंब थेंब गळत होते. ते बदललेत, शनिवारी तिथलीच गादी पुन्हा सुकवणार आहे.