साळावली धरणाचे 234 दशलक्ष घनमीटर म्हणजे किती लिटर, किती घन किलोमीटर?

गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात मावतं ते बरोबर 1 घनमीटर पाणी. गोव्यातल्या सांगेतलं साळावली धरण भरलं की अशा 23 कोटी 40 लाख टाक्या. म्हणजे 23,400 कोटी लिटर.

घन किलोमीटर करताना मात्र बहुतेक जण हमखास चुकतात. किलोमीटरला हजार मीटर, म्हणून हजारानेच भागतात. अहो, लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे हजार! म्हणून 1 घन किलोमीटर म्हणजे 100 कोटी घनमीटर. 23.4 कोटीला 100 कोटीने भागा: 0.234 घन किलोमीटर. एवढं मोठं धरण, तरी पाव घन किलोमीटरही नाही!

हेक्टर-मीटर (म्हणजे एक हेक्टर जागेवर एक मीटर उंच पाणी) हवे असतील तर घनमीटरला 10,000 ने भागायचं, 23,400 येतात.